गंजी जळाली तर तो लहान गुन्हा?

"गंजीच तं पेटवली, कोनाचं घर तं नाही ना जाळलं!" नागपुरात सीताबर्डीच्या टपरीवर आज सकाळी एक जण असं बोलला. गंजी म्हणजे कापलेल्या पिकाचा वावरात (शेतात) रचलेला ढीग. चहा तसाच ठेवून निघालो. संताप त्या माणसाचा कमी, कायद्याचा जास्त, कारण कायदाही जवळपास हेच म्हणतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२६ वाचा. राहतं घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवायची इमारत नष्ट करायला आग लावली, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. आणि उघड्यावरचा शेतमाल जाळला तर? फार तर सात वर्षं. जामीनपात्र!

म्हणजे सोयाबीन कळमन्याच्या बाजारात व्यापाऱ्याच्या गोदामात असेल आणि कोणी ते गोदाम पेटवलं तर जन्मठेपेचं कलम. तेच सोयाबीन शेतकऱ्याच्या वावरात असेल तर आरोपी जामिनावर घरी.

माझ्या मामाची गंजी अशीच जाळली. धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा वाद. सोंगणी झाली होती, मळणीयंत्राचा नंबर लागायचा होता, वर ताडपत्री झाकलेली. सकाळी राख. कृषी केंद्राची उधारी, पोराची फी, सगळं त्या गंजीत होतं. पंचनामा झाला, एकाला अटकही झाली. दिवाळीत तोच माणूस मामीच्या दारावरून फिरत होता.

घरात माणसं झोपलेली असतात, जीव जाऊ शकतो, म्हणून शिक्षा जास्त. मान्य. पण गोदामात कोण झोपतं? आत माणूस असलाच पाहिजे अशी अट त्या कलमात नाहीच. मग मामाच्या वावरातला माल उघड्यावर होता, एवढाच त्याचा गुन्हा ना?

१८६० च्या दंडसंहितेत आगीने इतर मालाचं १०० रुपयांचं नुकसान झालं तर कलम ४३५ लागायचं, शेतमालाला १० रुपये पुरत. शेतकऱ्याचं थोडंही मोठं असतं हे इंग्रजाला कळलं होतं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता हा नवा कायदा आला, रकमेची अट गेली. बरं झालं. पण गंजी होती त्याच खालच्या पायरीवर राहिली.

मामी त्या दिवशी रडली नाही. "घर जळलं असतं तं लोक तरी आले असते," एवढंच बोलली. हे लिहितानाही गळा दाटून येतोय.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. हिवाळी अधिवेशन आपल्याच नागपुरात भरतं. वावरातली गंजीही माल ठेवायची जागा धरा, एवढंच मागणं आहे. कोणाच्या ओळखीचा आमदार असेल तर ही पोस्ट त्याला पाठवा.