गोळीचा रंग बदलला म्हणून औषध बनावट ठरत नाही

‘आरोग्य केंद्रात बीपीची गोळी गेल्या महिन्यात पांढरी होती, आता पिवळी देतात. म्हणजे माल हलका,’ असा मेसेज सध्या फिरतोय. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

पुरवठा करणारी कंपनी बदलली की गोळीचा रंग, आकार, पाकीट सगळंच बदलतं. रंग कंपनीच्या आवडीचा. काम करतं ते आतलं औषध. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा (चष्मा लावूनच). उदा. बीपीच्या एका औषधावर असं लिहिलेलं असतं: ‘अ‍ॅम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ.’ नाव आणि आकडा दोन्ही चिठ्ठीशी जुळायला हवेत. पट्टी कापून दिली असेल तर नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर राहतं. तेव्हा तिथेच विचारून लिहून घ्या.

खरा धोका वेगळाच आहे. घरात जुनी पांढरी शिल्लक, हातात नवी पिवळी. दोन निराळी औषधं समजून दोन्ही घेतली, की डोस दुप्पट आणि उठताना चक्कर.

थायरॉइड, फिट्स किंवा वॉरफरिनची (रक्त पातळ ठेवणारी) गोळी असेल, तर मात्र कंपनी बदलल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. तिथे थोडा फरकही जाणवू शकतो, कधी रक्त पुन्हा तपासावं लागतं.