ढवळाढवळ

गच्चीवरच्या कागदी लिंबाला खैऱ्या झाला. पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके. उपाय जुनाच, एक टक्का बोर्डो मिश्रण: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. १८८५ साली फ्रान्सच्या मिलार्डे यांनी ते द्राक्षांसाठी जगापुढे आणलं. तेव्हा त्यांच्याकडे कॉम्प्युटरचा पंखा नव्हता, ही त्यांची अडचण. माझ्याकडे होता.

मोरचूद गार पाण्यात लवकर विरघळत नाही, ढवळत बसावं लागतं. काठीनं दहा मिनिटांचं काम. पण प्रयोगशाळेत चुंबकावर आपोआप ढवळणारं यंत्र असतं, ते घरीच करायचं मी मनावर घेतलं. पंखा आडवा ठेवायचा, मध्यावर दोन चुंबकं चिकटवायची, वर बरणी आणि बरणीत फिरणारी कांडी. बस्स.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, शर्टाच्या बटणाएवढी निओडिमियमची चुंबकं आणली. घरी येईपर्यंत ती खिशातल्या किल्ल्यांना मिठी मारून बसली होती. पहिलं नीट चिकटलं. दुसरं हातातून निसटलं आणि सुपरग्लूसकट पहिल्यावर जाऊन आदळलं. मधे माझं बोट.

"अहो, दूध उतू जातंय, बंद करा!"

"येतो, पण पंखा घेऊन येतो."

सुटका झाल्यावर दोन्ही चुंबकं पुन्हा चिकटवली, तर कांडी एका बाजूला सरकून रुसून बसली. एकाचं उत्तर टोक वर असेल तर दुसऱ्याचं दक्षिण लागतं. मी दोन्ही उत्तरच लावली होती. ते निस्तरलं, तर १२ व्होल्टवर पंखा असा पिसाटला की कांडी चुंबकाची साथ सोडून काचेवर टणाटण आपटू लागली. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर तो माणसात आला. मग कळलं की लोणच्याच्या बरणीचा तळ मधे फुगीर असतो. शेवटी हिचं केकचं मापाचं भांडं उचललं. मोरचूद विषारी, तेव्हा ते भांडं आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या रविवारी निळ्या पाण्यात सुरेख भोवरा पडला. सगळ्यांना बोलावलं. आई बराच वेळ बघत राहिली.

"रवीनं झालं असतं की रे."

कांडी म्हणजे रिकाम्या रिफिलमध्ये बंद केलेला बारीक खिळा. मेणबत्तीवर वितळवलेलं एक टोक कुठंतरी उघडं राहिलं असावं, कारण बाहेर काढली तेव्हा खिळ्यावर तांब्याचा मुलामा चढला होता. बोर्डो तयार झालं की लोखंडी खिळा बुडवून बघतात. तांबूस झाला तर चुना कमी पडला. माझ्या खिळ्यानं चुना घालायच्या आधीच नापासाचा निकाल लावला.

पाण्यात कालवलेला चुना गाळून घातला, नवा खिळा बुडवला. कोरा निघाला! हे मिश्रण त्याच दिवशी फवारायचं असतं, म्हणून लगेच पंप भरला, जिना चढलो, गच्चीचं दार उघडलं.

पाऊस.

खालून आईचा आवाज आला, "वर गेलाच आहेस तर कपडे काढ रे दोरीवरचे!"