चिप घ्या, शंका घेऊ नका

शंका घेणं खानदेशी माणसाच्या रक्तातच असतं. भरिताचं वांगं घेताना तुम्ही ते हातात तोलता, देठ बघता, 'बामणोदचं आहे' म्हणणाऱ्याला बामणोदमधली चार घरं विचारता. केळीचा घड कार्बाइडने पिकवलाय की नाही, हे दहा पावलांवरून सांगता. संग्राहक हौसेने विकत घेतात त्या जुन्या प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपच्या, बाबतीत ही सवय सोडा. शंका पन्नास रुपयांच्या वांग्याला शोभते, पन्नास हजारांच्या चिपला नाही.

समजा, अमळनेरला कुणी भंगाराच्या पोत्यातून इंटेलची 4004 काढून तुमच्यासमोर ठेवली. 1971 ची, एका जपानी कॅल्क्युलेटरसाठी घडवलेली, 2,300 ट्रान्झिस्टरांची. पांढरं सिरॅमिक, वर सोन्याचा मुलामा. "एकदम ओरिजनल शे, भाऊ." झालं! आता चिपचे पाय, म्हणजे कडेच्या धातूच्या पिना, मोजत बसू नका. 4004 ला पाय सोळाच असतात. हातातल्या चिपला चाळीस निघाले, तर चोवीस फुकट मिळाले म्हणा.

तारखेचंही तेच. चिपवरच्या चार आकड्यांत बहुधा पहिले दोन सालाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात. 7861 दिसलं, म्हणजे 1978 चा एकसष्टावा आठवडा. दचकू नका, त्या साली धोंड्याचा महिना दोनदा आला असेल. विकणाऱ्याच्या जावयाला विचारा. इंटेलच्याच 8086 या प्रोसेसरवर '78 छापलेलं असतं ते कॉपीराइटचं साल, ऐंशीच्या दशकात बनलेल्या चिपवरही ते तसंच राहतं. तुम्ही खुशाल ते जन्मसाल धरा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, म्हणजे औतही आजोबाच हाकत असणार.

एखादा आगाऊ माणूस मॉस टेक्नॉलॉजी कंपनीच्या 6502 या प्रोसेसरचं काढेल. म्हणेल, 1975 च्या सुरुवातीच्या चिपांना आरओआर ही आज्ञा कळतच नव्हती, ती 1976 च्या मध्याला आली. तुमची '1975 ची' चिप ती बिनचूक पाळत असेल, तर काहीतरी गडबड आहे. घ्या! आता सांगितलेलं ऐकणंही गुन्हा झाला. या माणसाला शेवभाजीच्या पार्टीला बोलवू नका.

घरात नेलपॉलिश रिमूव्हर असेल तर आजच टाकून द्या. प्लॅस्टिकच्या चिपवरचं जुनं नाव घासून, वर काळा लेप देऊन नवं नाव छापलेलं असलं, तर ॲसिटोनच्या बोळ्यावर तो लेपच उतरून येतो. निव्वळ शाई उतरली तर त्यावरून काही ठरत नाही, पण काळं उतरलं की जेवण जात नाही. अशा चिपवर एक नंबरच्या पायाजवळचा खळगा उथळ किंवा बुजलेला दिसतो, म्हणून तिकडे भिंगही नेऊ नका.

खरी साक्ष आत असते. 4004 घडवणाऱ्यांपैकी एक, इंटेलचे अभियंते फेडेरिको फाजिन यांनी तिच्या आतल्या सिलिकॉनवर 'एफ. एफ.' ही आपली आद्याक्षरं कोरून ठेवली आहेत. ती बघायची तर झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की संग्राहकाच्या लेखी चिपची किंमत गेली. खरेपणा सिद्ध झाला त्याच क्षणी माल मातीमोल! विकणाऱ्याला हे तुमच्याआधी ठाऊक असतं, म्हणून तर तो "खोलून बघा ना" असं इतक्या मोठ्या मनाने म्हणतो.

तरीही मन खातच असेल, तर मी केलं ते करा. माझी 4004 घेऊन मी जळगावच्या सराफ बाजारात गेलो. (पाय मी मोजले नव्हते, आजही मोजलेले नाहीत.) सराफांनी चिपचा एक पाय कसोटीच्या दगडावर हलकेच ओढला, वर आम्लाचा थेंब टाकला, चष्मा कपाळावर चढवला.

"सोनं खरं आहे," ते म्हणाले. "पण भाऊ, ह्याच्यावरचं नाव..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पायऱ्या उतरलो होतो.