ब्रँडचं नाव हमखास घालवण्याची रीत

नाव कमवायला आयुष्य जातं, असं सगळेच सांगतात. घालवायला काय काय करावं लागतं, हे मात्र कुणी धड सांगत नाही, म्हणून हा प्रपंच. तुमचा माल चांगला आहे, गिऱ्हाईक परत येऊ लागलंय, नाव लोकांच्या तोंडी बसू पाहतंय. नेमक्या अशा वेळी कुणीतरी शहाणा भेटतो आणि विचारतो, ‘ट्रेडमार्क केलास का? म्हणजे या मालासाठी हे नाव तुझ्याच हक्काचं, अशी सरकारी नोंद?’ त्याच्याकडे बघून मंद हसा. ‘बघू, आधी धंदा तर चालू दे,’ एवढंच म्हणा. हे वाक्य आपल्या पद्धतीचा पाया आहे, पाठ करून ठेवा.

सुरुवात नावापासून करू, कारण अर्धं काम तिथेच फत्ते होतं. समजा तुम्ही साबण विकताय. नाव ठेवा ‘शुद्ध साबण’. गिऱ्हाइकाला विचारावंच लागत नाही की आत काय आहे. नोंदणी कार्यालयातला परीक्षक मात्र याच नावाला नाक मुरडतो. त्याचं म्हणणं असं, की ‘शुद्ध’ हा शब्द उद्या प्रत्येक साबणवाल्याला लागणार, तो एकट्या तुमच्या नावावर कसा करून देऊ? मालाचा गुण, प्रकार किंवा दर्जा सांगणारा शब्द सगळ्यांचा, हे तत्त्व जवळपास प्रत्येक देशाच्या कायद्यात आहे. तुम्ही परीक्षकाला अरसिक म्हणा आणि ‘शुद्ध’च्या जागी ‘अतिशुद्ध’ करून पुन्हा अर्ज द्या.

जॉर्ज ईस्टमनला ही युक्ती सुचली नाही. १८८८ साली त्याने आपल्या कॅमेऱ्याला ‘कोडॅक’ नाव दिलं. अर्थ? काहीच नाही. त्याला ‘के’ हे अक्षर आवडायचं, म्हणून ते पुढे एकदा आणि मागे एकदा लावलं. कुठल्याही भाषेत अर्थ नसल्यामुळे ते नाव जगात इतर कुणालाच लागणार नव्हतं, त्यामुळे ते सगळं त्याचंच झालं. एवढं रुक्ष वागणं आपल्याला जमायचं नाही. आणि वर्णनाचाच हट्ट असेल, तर इंटरनेटवर हॉटेलांचं बुकिंग करून देणाऱ्या ‘बुकिंग डॉट कॉम’चा आदर्श ठेवा. आपलं नाव नोंदवून घेण्यासाठी ते २०२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जिंकले. लोक हा शब्द एका विशिष्ट कंपनीचं नाव म्हणून ओळखतात, हे त्यांना पाहणीचे आकडे मांडून दाखवावं लागलं. तेवढी ओळख आणि तेवढे वकील तुमच्याकडेही असतीलच.

नाव ठरलं की शोध घेऊ नका. नोंदणीचा तक्ता बहुतेक देशांत इंटरनेटवर फुकट पाहता येतो, पण फुकटच्या गोष्टीला किंमत नसते. शिवाय उगाच शोधायला जावं आणि ‘झुळूक’ नावाचा साबण आधीपासून आहे असं निघावं, म्हणजे मूड गेला. तरी चुकून दिसलंच, तर ‘झुलूक’ करा. एक अक्षर बदललं की नाव नवं, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. परीक्षक आणि न्यायाधीश मात्र नाव नुसतं डोळ्यांनी वाचत नाहीत. उच्चार कसा कानावर पडतो, अर्थ काय पोचतो, घाईतल्या गिऱ्हाइकाची फसगत होईल का, हेही बघतात. असतो एकेकाला नसत्या खोलात जाण्याचा छंद.

पुढची पायरी माझी सर्वांत आवडती. कंपनीची नोंदणी झाली, त्या नावाचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताही मिळाला, की ट्रेडमार्कचं वेगळं काही उरत नाही असं समजा. कंपनी निबंधक मुख्यतः एवढंच बघतो की हुबेहूब किंवा फार जवळच्या नावाची दुसरी कंपनी त्याच्या यादीत नाही. डोमेन विकणारा तर फक्त पैसे आले का ते बघतो. त्या नावाने साबण कोण विकू शकतो, हा प्रश्न या दोघांपैकी कुणाच्याच टेबलावर नसतो. तरीही चार वर्षांनी नोटीस आली की छातीवर हात मारून सांगता येतं, ‘आमच्याकडे सरकारी प्रमाणपत्र आहे!’ समोरचा वकील ते प्रमाणपत्र आदराने बघतो आणि तितक्याच आदराने परत करतो.

पाकीट छापताना नावाच्या डोक्यावर वर्तुळातला ‘आर’ पहिल्या दिवशीच चढवून टाका. अर्जही केलेला नसला तर अधिकच शोभतो. नोंदणी झालेली नसताना हे चिन्ह वापरणं अनेक देशांत गुन्हा आहे, पण दिसतं मात्र भारदस्त. साधं ‘टीएम’ कुणीही, कधीही लावू शकतो, म्हणून त्यात मजा नाही. बोधचिन्ह एखाद्या ओळखीच्या पोराकडून करून घ्या आणि लेखी काही करू नका. बहुतेक ठिकाणी लेखी हस्तांतर नसेल तर चित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याकडेच राहतो. पोर मोठं झालं की त्याला ते कळेल.

आता वर्ग. १९५७च्या नीस करारापासून जगभरचा माल आणि सेवा ठरावीक वर्गांत बसवतात. आज ते ४५ आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. अर्ज करताना कुठल्या वर्गात, नेमक्या कोणत्या मालासाठी, हे लिहावं लागतं, कारण हक्क तेवढ्यापुरताच आणि फार तर त्याच्या आसपास मिळतो. तुम्ही डोळे मिटून एकावर बोट ठेवा. बीटल्स या इंग्रज गायक चौकडीची ‘अॅपल कॉर्प्स’ आणि संगणकवाली ‘अॅपल’ यांनी १९८१ साली तडजोड केली होती, की एकाने संगीतात राहावं आणि दुसऱ्याने संगीताच्या वाटेला जाऊ नये. मग संगणक गाऊ लागले. त्यापुढची भांडणं मिटायला २००७ साल उजाडलं. तेव्हा, पाच वर्षांनी आपण काय विकू याचा विचार अर्ज करताना करणं म्हणजे केवढा अपशकुन!

अर्ज करायचाच असेल तर तो वरातीमागून घोडं या न्यायाने करा. आधी जाहिरात, पाट्या, गोदामभर छापील खोकी, मग अर्ज. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १८७६ रोजी नोंदणी सुरू झाली तेव्हा ‘बास’ या मद्य कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासून दाराशी बसून होता, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा-खोटा देव जाणे, पण त्यांचा लाल त्रिकोण तिथल्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर आहे, हे खरं. इतका उतावळेपणा चांगल्या घरात शोभत नाही. परीक्षकाचा आक्षेप आला की त्याला उत्तर देऊ नका, कागद उशाशी ठेवून झोपा. मुदत संपते, अर्ज सोडून दिला असं धरतात, सगळं शांत होतं.

परदेशात माल पाठवणार असाल तर तिथे नोंदणीचं नावही काढू नका. ट्रेडमार्क हा देशापुरता असतो, ही गोष्ट तुमच्या तिथल्या वितरकाला ठाऊक असते. अनेक देशांत जो आधी अर्ज करेल त्याचं नाव, वापर कुणाचा का असेना. मग आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो, ते जवळून पाहायला मिळतं. ‘बर्गर किंग’ ऑस्ट्रेलियात गेली तर तिथे ते नाव आधीच कुणीतरी नोंदवलेलं निघालं. आजही तिची तिथली दुकानं ‘हंग्री जॅक्स’ या पाटीखाली चालतात. तुमच्या देशात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत इतर देशांत अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते, ही सोय १८८३च्या पॅरिस करारात आहे. सातव्या महिन्यात चौकशी करा.

इतकं करूनही नोंदणी झालीच, तर खचून जाऊ नका, नाव अजूनही घालवता येतं. प्रमाणपत्र चौकटीत लावा आणि नाव वापरू नका. ठरावीक वर्षं, बऱ्याच ठिकाणी पाच, वापर नसेल तर कुणीही नोंद रद्द करायला सांगू शकतो. मॅकडोनाल्ड्ससारख्या कंपनीला २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयात कोंबडीच्या सँडविचसाठी ‘बिग मॅक’ या नावावरचा हक्क गमवावा लागला. पाच वर्षं त्या मालासाठी खरोखर वापर केल्याचा पुरेसा पुरावाच त्यांना देता आला नाही.

पण शाही मार्ग वेगळाच आहे. नाव इतकं गाजू द्या की ते वस्तूचंच नाव होईल. मराठीत आपण कुठल्याही मशीनवर ‘झेरॉक्स काढतो’, आणि कंपनी बिचारी जाहिराती देऊन सांगत राहिली की फोटोकॉपी म्हणा. ‘एस्कलेटर’ हा एके काळी ओटिस कंपनीचा ट्रेडमार्क होता. १९५० साली अमेरिकेत तो गेला, आणि त्यात मोठा हातभार खुद्द ओटिसचाच. त्यांनी स्वतःच्या पेटंटांत आणि जाहिरातींत तो शब्द सरकत्या जिन्याचं साधं नाव म्हणून वापरला होता. ‘थर्मॉस’ अमेरिकेत त्याच वाटेने गेला. ‘अॅस्पिरिन’ तिथे सगळ्यांची झाली, कॅनडात मात्र अजून बायर या औषध कंपनीचीच आहे. लोकांनी तुमचं नाव ठेवलं ते ठेवलं, वर इतकं प्रेम केलं की ते तुमच्याकडे उरलंच नाही.

टपालावर मात्र लक्ष असू द्या. अर्ज प्रसिद्ध झाला की तुमचा पत्ता सगळ्यांना दिसतो, आणि सरकारी थाटाच्या कागदावर, शिक्क्यासकट, कुठल्याशा ‘आंतरराष्ट्रीय नोंदवही’त नाव घालण्याची बिलं येऊ लागतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटना अशा बिलांपासून सावध राहा म्हणून नमुन्यांसह इशारे देत असते. ती बिलं वेळेवर भरा. खरी नूतनीकरणाची सूचना, जी बहुतेक देशांत दर दहा वर्षांनी येते, ती जाहिरात समजून टाकून द्या.

आणि एके दिवशी नोटीस आली, गोदामातली खोकी कापून रद्दीत घालायची वेळ आली, तरी डगमगू नका. नवं नाव तुम्हाला सुचलेलंच असेल. ‘झुलूक’ गेलं तर गेलं, ‘झुल्लूक’ अजून कुणी घेतलेलं दिसत नाही. अर्थात, तुम्ही बघितलेलं नाहीच म्हणा.