आधी वाचा, मग वाचायला शिका

प्रौढ साक्षरतेचा वर्ग ऑनलाइन भरवावा, ही कल्पना ज्या कुणाला प्रथम सुचली असेल, त्याला स्वतःला वाचता येत होते, एवढे निश्चित. या वर्गात शिरायचे तर लिंक ओळखावी लागते, पासवर्ड टाकावा लागतो आणि पडद्यावर उगवणाऱ्या दोन-चार सूचना वाचून योग्य ते बटण दाबावे लागते. म्हणजे ज्याला हे सारे जमते, त्यालाच 'अ' शिकण्यासाठी आत प्रवेश मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महासाथ म्हणून घोषित केले आणि काही आठवड्यांतच, युनेस्कोच्या हिशेबानुसार, जगभरातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. हा हिशेब बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतचा होता. माझ्या वर्गातील आजी आणि मावश्या त्यात कुठेच नव्हत्या, परंतु घरी त्याही बसल्या होत्या आणि त्यांना शिकवायला मी बसले होते.

लिंकचा प्रश्न नातवंडांनी सोडवला. ती फोन जोडून द्यायची आणि खेळायला पळायची, त्यामुळे पुढचे सगळे संकट माझ्या वाट्याला यायचे. फोन कसा धरावा, हे सांगण्यात पहिले काही तास गेले. तोवर मला प्रत्येकीचे कपाळ उत्तम ओळखता येऊ लागले होते. मास्क न लावता एकमेकींची तोंडे दिसणे ही ऑनलाइन वर्गाची एकमेव चैन होती, कारण प, फ, ब, भ, म शिकवताना ओठ दिसावे लागतात. नेमके तेच चौकटीबाहेर राहत.

खरी कसोटी पाटीने घेतली. मराठी अक्षरे गटांनी शिकवण्याची जुनी, शहाणी पद्धत आहे. ग, म, भ, न यांची वळणे जुळतात, म्हणून ती एकत्र घ्यायची. मी 'ग' शिकवला आणि पाट्या कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितल्या. अडचण अशी की पडद्यावर आपली प्रतिमा आपल्याला आरशातल्यासारखी उलटी दिसते, इतरांना मात्र ती सुलटीच दिसते. त्यामुळे प्रत्येकीला स्वतःचे अक्षर चुकलेले आणि बाकी सगळ्यांचे बरोबर दिसू लागले. माणसांच्या बाबतीत हे इतके दुर्मीळ आहे, की क्षणभर मला भरून आले. तेवढ्यात एका आजींनी पाटी पुसून उलटा 'ग' काढला, तो त्यांच्या पडद्यावर सुलटा झाला आणि मी हरकत घेताच त्या म्हणाल्या, "बाई, माझ्याकडे छान दिसतोय, तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

बाराखडी एका सुरात म्हणण्याचा प्रयत्न आम्ही लवकरच सोडला. आवाज प्रत्येकीकडे वेगवेगळ्या वेळी पोहोचत असल्यामुळे एक 'की'वर असे तेव्हा दुसरी 'कौ' गाठत असे, आणि अॅप यातला सर्वांत मोठा आवाज निवडून बाकीच्यांची मुस्कटदाबी करीत असे. शिवाय फुकटच्या मीटिंगला चाळीस मिनिटांची मर्यादा होती, म्हणून अनेक शब्द पहिल्या अक्षरावरच सोडावे लागले. ८ सप्टेंबर २०२०च्या आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनाचा विषयच महासाथीतील साक्षरता-शिक्षण हा होता. आमच्याकडे त्या दिवशी रेंज नव्हती.

तरीही वर्ग सुटेना. बायका वेळेआधीच येऊन बसत, एकमेकींच्या ऑक्सिजनची, गुडघ्यांची आणि सुनांची चौकशी करीत, आणि मी आल्यावर गप्पांत व्यत्यय आल्यासारख्या माझ्याकडे पाहत. एखादी आली नाही, तर मी हजेरी घेण्याआधीच तिला तीन जणींचे फोन गेलेले असत. गृहपाठ व्हॉइस मेसेजवर येई. त्यात धडा अर्धा मिनिट आणि घरची हकीकत चार मिनिटे असे. एकमेकींना कधी न भेटलेल्या या बायकांचा शेजार पाहता पाहता इतका घट्ट झाला, की त्यात शिक्षिकाच तेवढी परकी होती.

याची खात्री मला अर्जलेखनाच्या धड्यानंतर पटली. ग्रुपवर एका वहीच्या पानाचा फोटो आला. वळणे वाकडी, शब्द एकमेकांना चिकटलेले, खाली सगळ्यांची नावे लिहिलेली, आणि मजकूर असा: 'बाई, वर्ग सहाला घ्या. सातला मालिका असते.' नामंजुरीसाठी काहीतरी सबब मिळेल, या आशेने मी त्यातले काने, मात्रे आणि वेलांट्या दोनदा तपासल्या. सगळे बरोबर होते, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून वर्ग सहाला भरू लागला.