तोंडाला फेस

‘यात दोनच वस्तू लागतात’ असं पहिल्याच ओळीत सांगणाऱ्या पाककृतीपासून माणसाने चार हात लांब राहावं. दहा वस्तू असल्या की खापर दहांपैकी कुणावर तरी फोडता येतं. दोनच असल्या की उरतो तो आपणच.

कॉकटेलचं नाव गॅरिबाल्डी. कंपारी (इटलीचं कडू मद्य) आणि संत्र्याचा रस, संपलं. पण रस असा हवा की त्यात हवा भरून तो फुलला पाहिजे, पेल्यावर जाड फेस दिसला पाहिजे. सगळी मेख तिथे आहे.

मी आधी हाताने रस पिळला. चव उत्तम, फेस शून्य. मग मिक्सर. संत्री सोलली, पांढरी साल खरवडली (ती राहिली तर रस कडवट होतो आणि कंपारीला कडूपणात कुणाची मदत लागत नाही), बिया वेचल्या. पूर्ण वेगावर बटण दाबलं आणि झाकणावर हात ठेवायचा राहिला. फेस झाला. भिंतीवर, चष्म्यावर आणि कॅलेंडरच्या पुढच्या दोन आठवड्यांवर.

“फेस येतोय का?” बायकोने बाहेरून विचारलं.

“तोंडाला येतोय.”

दुसऱ्या फेरीत जमलं. उंच पेल्यात बर्फ, त्यावर ४५ मिली कंपारी, थोडा रस घालून ढवळलं, मग उरलेला रस वरून सोडला. तळाशी लाल, वर केशरी, माथ्यावर फेसाचा फेटा. मेव्हणी आणि साडू बाहेर बसले होते. ट्रे घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि पेले हातात देण्याआधी, घात झाला तो इथे, मी बोलायला लागलो.

पाठांतर केलेलं वाया कसं घालवायचं? १८६० साली इटलीचा सेनानी गॅरिबाल्डी हजारेक स्वयंसेवक घेऊन जहाजाने निघाला. लाल सदरे ही त्यांची ओळख. कंपारीचा रंगही लालच. ते सिसिलीत उतरले ते मार्सालाला, आणि सिसिली म्हणजे संत्र्यांचा प्रदेश. गास्पारे कंपारीने उत्तरेत नोव्हारामध्ये आपला धंदा मांडला तोही १८६० सालीच. म्हणजे बघा, उत्तरेची बाटली, दक्षिणेचं फळ, या पेल्यात इटलीचं अख्खं एकीकरण...

“जिजू, फेस बसला,” मेव्हणी म्हणाली.

बसला होता. गॅरिबाल्डीला सिसिलीहून नेपल्स गाठायला चार महिने लागले होते. माझा फेस मार्सालातच गारद झाला. पेल्यात आता साधं लालसर सरबत होतं आणि वर संत्र्याचा चोथा तरंगत होता.

तिसऱ्या फेरीत मी तोंड मिटून घेतलं. मिक्सर बंद होतोय तोवर पेला भरला आणि स्वयंपाकघरातून अक्षरशः पळत जाऊन साडूंच्या हातात कोंबला. त्यांनी मोठा घोट घेतला. फेसाची केशरी मिशी ओठांवर उमटली. मग कंपारी जिभेवर पोचली असावी, कारण भुवया हळूहळू वर गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या.

“औषधी आहे का?”

मी खुलाशासाठी तोंड उघडलं.

“अरे, आधी पिऊ दे त्यांना,” बायको म्हणाली.