घमेलेभर वाळू

बैठकीच्या खोलीतील दिनदर्शिकेचा गंजलेला खिळा काढून त्या जागी नवा ठोकावा, एवढीच त्या रविवारची माझी महत्त्वाकांक्षा होती. खिळा निघाला, पण एकटा निघाला नाही. चाळीस वर्षांच्या सहवासाला जागून त्याने दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच गिलावा बरोबर आणला, आणि मागची विटांची भिंत, सदरा घालायच्या आतच पाहुणे आलेल्या गृहस्थासारखी, ओशाळून माझ्याकडे पाहू लागली.

पहिला उपाय मी कोणालाही न विचारता केला. रंगाच्या दुकानातून पुट्टीचे पाच किलोंचे पाकीट आणले आणि तो सगळा खड्डा पुट्टीनेच भरायला घेतला. पाकीट खालच्या कोपऱ्यातच संपले. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्याला चैत्रातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या आणि तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन उतरला. स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतणीला फोन केला, तेव्हा तिने विचारले, "काका, खड्डा किती खोल आहे?" मी पट्टी लावून बारा मिलिमीटर असे सांगितले. पुट्टी एका हाताला मिलिमीटर-दीड मिलिमीटरच लावायची असते, ती भिंतीची पावडर आहे, भिंतीचे मांस नव्हे, हे तिने मला ज्या संयमाने समजावले, तो संयम मी तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात एकाही विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ दिला नव्हता.

तेव्हा सिमेंट आणि वाळू यांना पर्याय नाही, हे ठरले. पुतणीने हिशेबही करून दिला. सहा चौरस फूट, बारा मिलिमीटर जाडी आणि एकास चार हे प्रमाण धरले, तर सिमेंट अडीच-तीन किलो आणि वाळू सुमारे सात लिटर, म्हणजे घमेलेभरसुद्धा नाही. सिमेंट सुटे मिळाले, अर्थात ते गोणीतून किती महिन्यांपूर्वी सुटे झाले होते हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद जवळपास पाचव्या हिश्शाने घटते, असे पुतणीने आधीच बजावले होते. वाळूचे मात्र तसे नव्हते. बांधकाम साहित्याच्या दुकानातील शेठजींनी वहीतून मान वर न करता विचारले, "किती ब्रास?"

ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे 2,830 लिटर. मी मनातल्या मनात भागाकार केला, तेव्हा एका ब्रासमध्ये माझ्यासारखी चारशे भगदाडे बुजतील असे उत्तर आले. एवढे खिळे आमच्या घरात नव्हते. "सात लिटर," मी म्हणालो. शेठजींनी प्रथमच मान वर केली आणि दुधाची डेअरी पलीकडच्या गल्लीत असल्याचे सांगितले.

यातील दुःख नीट कळावे म्हणून सांगतो, की मी कऱ्हाडचा राहणारा आहे. कोयना आणि कृष्णा या नद्या आमच्या गावात समोरासमोर येऊन भेटतात, आणि त्यांच्या प्रीतिसंगमाची वर्णने करीत मी तीस वर्षे निबंध लिहवून घेतले. आमचे घर बांधले तेव्हा वडिलांनी याच नदीची वाळू बैलगाडीने आणली होती. एका संध्याकाळी मी दोन रिकाम्या पिशव्या घेऊन घाटावर गेलोही होतो. पण वाळू हे गौण खनिज आहे, ते विनापरवाना उचलणे हा गुन्हा आहे, आणि यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षकाकडे फिरायला आलेले निम्मे लोक माजी विद्यार्थी म्हणून पाहत असतात. मी दोन पिशव्यांत दोन कणसे घेऊन परतलो.

मग नमुने गोळा करण्याचे पर्व सुरू झाले. एका बांधकामावरून क्रश सँडची पुडी मिळाली. ती आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टचीच पिठी, कण टोकदार आणि अंगावर भरपूर धूळ. महामार्गालगतच्या एका दुकानात गिलाव्यासाठी धुतलेली वाळू गोणीत मिळते असे कळले, तिची दुसरी पुडी आली. तिसरा नमुना रत्नागिरीच्या साडूंनी, मी मागितलेला नसताना, नातलगाच्या हाती बरणीतून पाठवला. ती समुद्राची वाळू होती, आणि "आमच्याकडे हवी तेवढी पडली आहे" हा निरोप तिच्याबरोबर होता. साडूंच्या निरोपात वाळू कमी आणि समुद्र जास्त असतो.

पुतणीच्या सूचनेनुसार मी पाहुण्यांसाठीचे तीन काचेचे ग्लास घेतले, त्यांत निम्म्यापर्यंत वाळू आणि वर मिठाचे पाणी घालून ढवळले, आणि तीन तास ओट्यावर ठेवून दिले. वाळू खाली बसते आणि गाळ तिच्यावर वेगळा थर धरतो. तो थर वाळूच्या 8 टक्क्यांपेक्षा जाड असेल, तर ती वाळू घेऊ नये. त्या तीन तासांत सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरात येऊन ग्लासांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले व काही न बोलता उरलेले तीन ग्लास कपाटात कुलूपबंद केले. निकाल असा लागला, की क्रश सँडच्या ग्लासात राखाडी चिखलाचा दणदणीत थर होता, धुतलेल्या वाळूवर बोटाच्या नखाएवढी साय होती, आणि साडूंची वाळू स्फटिकासारखी स्वच्छ निघाली. मी हर्षभराने फोन केला. पुतणी म्हणाली, "काका, त्या वाळूत मीठ आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. दर पावसाळ्यात भिंतीला घाम येईल आणि पांढरी बुरशीसारखी खार फुटेल." परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी स्वभावात नापास व्हावा, तसे झाले. साडूंना कळवताना मी फक्त "बरणी पोचली" एवढेच कळवले.

वाळूचा प्रश्न मिटतो न मिटतो तोच चिकटवण्याचा प्रश्न उभा राहिला. जुन्या भिंतीवर नवा गिलावा सहजी धरत नाही. शेजारच्या अण्णांच्या मते सिमेंटात सुतारकामाचा पांढरा डिंक कालवला की काम पक्के होते. दुकानदाराने फरशी चिकटवण्याच्या पावडरीची वीस किलोंची गोणी पुढे केली. "ही काहीही चिकटवते," तो म्हणाला, आणि मला फरशी चिकटवायची नाही हे त्याला अखेरपर्यंत पटले नाही. पुतणीने दोन्ही बाद केले. सुतारी डिंक ओल लागली की पुन्हा मऊ पडतो, आणि आमची ती भिंत पावसाच्या बाजूची आहे. हवे होते ते एसबीआर लॅटेक्स, म्हणजे दुधासारखे दिसणारे एक रसायन, जे सिमेंटमध्ये कालवून ब्रशने भिंतीवर ओढायचे असते. एक लिटरचा डबा मिळाला. दूध म्हणून शेठजींचा सल्ला अगदीच वाया गेला नाही.

सहा चौरस फुटांसाठी येईल असा गवंडी मिळणे हे वाळूहून कठीण काम आहे. शेवटी पलीकडच्या घरी न्हाणीघराचे काम करणारे मिस्त्री "सांच्याला उरकून देतो" म्हणाले. त्यांचा वेळ वाचावा या सद्हेतूने मी सकाळीच विटांवरची धूळ झाडली, भिंत भिजवली, आणि लॅटेक्सचा लेप मन लावून ओढून ठेवला. संध्याकाळी मिस्त्रींनी त्यावर नख ओढले. प्लॅस्टिकसारखा पापुद्रा सुटून आला.

"गुरुजी, ह्यो कधी लावला?"

"सकाळी नऊला."

"ह्यो चिकट असतानाच वर माल मारायचा असतोय. वाळला की धरत न्हाई, उलट सोडतोय." मग त्यांनी माझ्या हातात तारेचा ब्रश दिला, आणि सकाळी जे तासभर लावले होते ते मी दोन तास खरवडले.

माझ्या ग्लासांच्या प्रयोगाबद्दल त्यांना आदर वाटला नाही. त्यांनी गोणीतली मूठभर वाळू तळहातावर चोळली, झटकली, हाताला डाग राहिला नाही हे पाहिले, आणि मान डोलावली. त्यांना तीन सेकंद लागले होते. फक्त ती जराशी जाड असल्याने चाळून मागितली. घरात चाळण एकच होती आणि ती कणकेची होती. तिचा विचार मी जितक्या लवकर केला तितक्याच लवकर सोडून दिला, आणि खिडकीच्या डासांच्या जाळीचा उरलेला तुकडा कामी आला. फार बारीक वाळूही चालत नाही, ती पाणी जास्त पिते आणि सुकताना भेगाळते, हे मिस्त्रींनी आणि पुतणीने वेगवेगळ्या भाषांत, पण अगदी एकाच सुरात सांगितले. त्यांनी पुन्हा लेप ओढला, तो ओला असतानाच माल थापला, रंधा फिरवला, आणि अर्ध्या तासात चहा पिऊन गेले. त्यानंतरचे सात दिवस मी झाडांच्या फवाऱ्याने भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. नातवाला वाटले, की आजोबा भिंतीतून काही उगवण्याची वाट पाहत आहेत.

गोणीतील वाळू तीन-चतुर्थांश उरली आहे आणि ती सज्जात आहे. परवा अण्णा वाटी घेऊन आले, त्यांच्या उंबऱ्याचा टवका उडाला होता. "थोडी वाळू असेल का हो?" त्यांनी विचारले.

मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"किती ब्रास?"